गावपळणीतले सहा टक्के

मोबाइलच्या बॅटरीसाठी देवापुढे गाऱ्हाणं घालणारं सुरंगवणे हे जगातलं पहिलं गाव असेल, आणि देवाची कृपा असली तर शेवटचंही.

गाऱ्हाणं घातलं भाईंनी. भाई म्हणजे गावचे मानकरी. देवाशी बोलायचा मान त्यांच्या घराण्याकडे, आणि हा मान देवाने आपला गळा ऐकून दिला अशी त्यांची पक्की समजूत. सभामंडपात शंभरेक माणसं उभी होती. पाटावर नारळ होता आणि नारळाला टेकून एक मोबाइल उभा होता. तो तिथे कोणी ठेवला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"बा देवा म्हाराजा," भाईंनी सूर लावला, "आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे गाऱ्हाणां घालतत, ता आयक रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप दुमदुमला.

"गावपळण आठ दिवसांर इली. सगळ्यांचे मोबायल सकाळी भरलेले, दुपारी रिकामे होतत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण चार्ज ओढीत आसात, भायलो आसांदे नायतर भितुरलो, तेका वेशीभायर घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मथुरा बायकांच्या रांगेत अगदी मागे उभी होती. तीही 'व्हय म्हाराजा' म्हणाली, पण ओठांतल्या ओठांत. देवाच्या दारात गाऱ्हाणं अर्धं सोडू नये म्हणून म्हणाली, नाहीतर तिला लाजच वाटत होती. ज्या देवाकडे तिच्या सासूने तापाने फणफणलेलं पोर पदरात घेऊन गाऱ्हाणं घातलं, त्याच्याकडे आता ही मंडळी करंट मागत होती.

खांबाला टेकून भाईंचा पुतण्या चंदन या सगळ्याचा व्हिडिओ काढत होता. तो 'व्हय म्हाराजा' म्हणत नव्हता. म्हटलं असतं तर त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये आला असता.

आता गावपळण म्हणजे काय ते सांगायला हवं. चार वर्षांतून एकदा, मार्गशीर्षात, सुरंगवण्याची सगळी माणसं गाव सोडून वेशीबाहेर जातात. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी सोबत. तीन दिवस आणि तीन रात्री गाव देवाचा. घरात दिवा नाही, चुलीत विस्तव नाही, विजेचं बटण खाली. माणसं खाडीकाठी माडाच्या झापांच्या झोपड्या घालून राहतात. चौथ्या दिवशी वेशीवरच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावतात. देवाने उजवा कौल दिला की ढोल वाजतो आणि गाव परत गावात येतो. डावा दिला तर आणखी एक दिवस बाहेर. एकदा वेस ओलांडली की कौलाशिवाय कोणी आत पाऊल टाकत नाही, मग घरात सोनं राहो की माणसाचं औषध.

एक रीत आणखी. या दिवसांत परक्या गावाचा विस्तव घ्यायचा नाही. बाजारहाटाला खुशाल जावं, तांदूळ आणावेत, पण आगपेटीसुद्धा आपल्या गावातूनच बांधून न्यायची. आता शेजारच्या गावात मोबाइल चार्ज करायला लावला तर रीत मोडते का, यावर पंधरा दिवस काथ्याकूट झाला. शेवटी भाईंनी निवाडा दिला.

"करंट म्हणजे विस्तवच. हात लावन बघा, भाजता काय नाय ता!"

हा निवाडा मथुरेला मान्य होता. भाईंच्या तोंडून चार वर्षांत एखादी गोष्ट बरोबर निघते, ती हीच असावी असं तिला वाटलं.

मोबाइल लवकर का उतरतात याचं गावाला नवल नव्हतं. "गावपळण जवळ इली की असा होताच," लोक म्हणत. "देवाचे चाळे फिराक लागले. तेच ओढतत करंट." मागच्या गावपळणीला मोबाइल उतरत नव्हते, तेव्हा हे चाळे, म्हणजे देवाची राखणदार भुतं, झोपली होती काय, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. जी गोष्ट कळत नाही ती देवाच्या नावावर टाकली की मोकळं, आणि वर भक्त म्हणून मिरवायलाही मोकळं.

मथुरा देवाचं करणारी बाई. पहाटे उठून तुळशीला पाणी, पूजा होईपर्यंत मौन, सोमवार, एकादशी, यातलं तिने कधी काही चुकवलं नाही आणि कधी कोणाला सांगितलंही नाही. पण या सगळ्यांहून कडक असं तिचं एक व्रत होतं, आणि ते कुठल्या पोथीत सापडणारं नव्हतं. आईचा आवाज ऐकल्याशिवाय ती अन्नाला शिवत नसे.

तिची आई सावित्री आरोंद्याला असे, एकटी, वय शहाऐंशी. तेरा वर्षांपूर्वी मथुरेचे वडील गेले आणि म्हातारीने अन्न टाकलं. चार दिवस पाण्यावर होती. डॉक्टर झाले, भटजी झाले, कोणाचं ऐकेना. तेव्हा मथुरा तिच्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "आये, तू जेवलंय म्हणान सांगीपर्यंत मीय जेवचंय नाय. आजपासून. मरासर." म्हातारीने तिच्याकडे बघितलं आणि पेजेचा वाडगा ओढला. तेव्हापासून म्हातारी रोज पेज पिते आणि फोन करते, "जेवलंय गो." मग मथुरा जेवते.

म्हातारीने मात्र तिच्या बाजूने एक गाठ मारून ठेवली होती. "ज्या दिवशी माजो फोन तू उचलूचं नाय, त्या दिसापासून माका पेज नको." हे ती हसत म्हणाली होती. पण ती हसत बोललेलं खरं करून दाखवणारी बाई, हे मथुरेहून जास्त कोणाला ठाऊक!

फोनची वेळ ठरलेली नसे. म्हातारीच्या घरात रेंज नव्हती आणि तिला धड दिसतही नव्हतं. शेजारची राधाबाई आपली कामं आटोपून यायची, म्हातारीला हाताला धरून खाडीच्या बांधावर न्यायची आणि बटणांच्या फोनवरचा एक नंबर दाबून द्यायची. ते कधी दहाला व्हायचं, कधी दोनला. राधाबाईचा स्वतःचा फोन नव्हता. मथुरेने आपण होऊन लावला तर तो बिनरेंजच्या घरात मुका पडून असायचा. म्हणून सकाळी नवापासून मथुरेचा फोन जागा हवा, एवढंच. रात्री ती तो बंद करून ठेवी.

पूर्वी तो एकदा भरला की दीड दिवस पुरायचा. आता महिनाभर सकाळचे शंभर टक्के तिसऱ्या प्रहराला वीसवर येत. घरात वीज होती तोवर ठीक. वेशीबाहेर तीन दिवस काय करायचं, हा घोर तिला लागला होता.

तिने चंदनला विचारलं. चंदनचं तालुक्याच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, दुकानावर 'मोबाइल डॉक्टर' अशी पाटी होती आणि पाटीवर त्याचा स्वतःचा स्टेथोस्कोप घातलेला फोटो होता.

"काकी, मोबायल फ्रीजात ठेव दहा मिंटां," तो म्हणाला.

"फ्रीजात?"

"गरम होता मां तो? मगे थंड कर!"

"मेल्या, ताप इलेल्या माणसाक कोण फ्रीजात ठेयता?"

"तुका सायन्स कळाचा नाय, काकी. बरा, रक्षक आसा मां तुज्या मोबायलात? तो काढू नको हां. तो आसा म्हणान निदान दुपारपर्यंत तरी चलता."

रक्षक म्हणजे 'बॅटरी रक्षक'. गावपळणीची तयारी म्हणून चंदनने त्रिपुरी पौर्णिमेला सभामंडपात टेबल मांडून अख्ख्या गावाच्या मोबाइलांत ते ॲप फुकट घालून दिलं होतं. हिरवी ढाल, ढालीवर वीज. तासातासाला टिंग वाजायचं आणि अक्षरं यायची, 'तुमची बॅटरी सुरक्षित आहे.' 'शुद्ध करा' म्हणून बटण होतं. ते दाबलं की झाडू फिरायचा, फुलबाज्या उडायच्या आणि मग केस काळे करायच्या तेलाची जाहिरात लागायची. गावातली माणसं ते बटण दिवसातून दहादा दाबत, जशी काही प्रदक्षिणाच घालत होती.

मथुरेने मनाशी विचार केला. दहा वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, बाबूच्या अंगावर पित्त उठायचं. गांधीच गांधी. तेव्हा ती रोज त्याच्या ताटातला एकेक पदार्थ बंद करत गेली होती. आज वांगं नाही, उद्या सुकट नाही, परवा कुळीथ नाही. कशाने उठतं ते असंच सापडतं. उपास म्हणजे दुसरं काय? एक वस्तू सोडायची आणि शरीर काय बोलतं ते ऐकायचं. मोबाइललाही उपास धरायला लावू या, असं तिने ठरवलं.

पहिल्या दिवशी तिने सोडलं ते विष्णुसहस्रनाम. रोज पहाटे पूजेच्या वेळी ते मोबाइलवर लागायचं. बिनआवाजाची पूजा तिला अळणी लागली, पण बॅटरी काही वाचली नाही. दुसऱ्या दिवशी पडद्याचा उजेड कमी केला. तिसऱ्या दिवशी थरथर बंद केली. चौथ्या दिवशी माहेरच्या ग्रुपवरचे फोटो आपोआप उतरायचे थांबवले. हे सुप्रभाताचे फोटो मात्र तिने आनंदाने सोडले, कारण गुलाबाच्या फुलाशेजारी हात जोडले म्हणजे नामस्मरण होतं असं मानणाऱ्या नातेवाइकांची तिला कीव येत असे. पाचव्या दिवशी 'तुम्ही कुठे आहात' ते शोधणारं बंद केलं. मी कुठे असणार, चुलीपुढे! उजेडाने आणि फोटोंनी पाच-सात टक्के वाचले, नाही असं नाही. पण मूळ चोर सापडला नाही.

"अगो, तुझो तो मोबायल म्हातारो झालो," बाबू म्हणाला. बाबू कमी बोलणारा माणूस. बोलला की मध्यस्थी केल्यासारखा बोले.

"म्हातारो झालो तर हळूहळू होतलो. एका म्हयन्यात कोण म्हातारो होता?"

"माझ्याकडे कित्याक बघतस?"

गावपळणीसाठी तिने बाजारातून एक पॉवर बँक आणली, काठोकाठ भरली आणि विसरायला नको म्हणून देवघरात, समईशेजारी ठेवली. इथेच चुकलं. निघताना रीत अशी, की घरातली सगळी कामं झाल्यावर शेवटी देवापुढची समई शांत करायची आणि मग मागे वळून न बघता बाहेर पडायचं. मथुरेने समई शांत केली आणि डोळे मिटून नमस्कार केला. मिटल्या डोळ्यांनीच ती वळली. गाईचं दावं धरलं, चालू लागली. वेस ओलांडून झोपडीपाशी पोचल्यावर तिला आठवलं, पॉवर बँक समईशेजारीच राहिली.

खाडीच्या काठावरून त्यांच्या घराचं छप्पर दिसत होतं. मध्ये कापलेल्या भाताचा कुणगा, एवढंच अंतर.

"मी जावन हाडू?" बाबूने हळूच विचारलं. "कोण बघणा नाय."

"ज्याचो गाव आसा तो बघता मां," मथुरा म्हणाली. विषय संपला.

चंदनने खाडीकाठी 'चार्जिंग केंद्र' काढलं होतं. गावातूनच आणलेली ट्रकची मोठी बॅटरी, त्याला इन्व्हर्टर, वर झेंडूची माळ. करंट गावचाच, म्हणून भाईंची हरकत नव्हती. पहिल्या दिवशी मथुरा तिथे गेली तेव्हा इन्व्हर्टरला दोन मोठे दिवे, एक स्पीकर आणि चंदनचा कॅमेरा लावलेला होता.

"काकी, वायच थांब. लायव चालू आसा."

"माका धा टक्के पुरे होतले रे. आवशीचो फोन येवचो आसा."

"आठशे माणसां बघतत आता! गावाचा नाव होता!"

आठशे माणसांनी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चंदनला आरती करताना, चंदनला मासे भाजताना आणि चंदनला निसर्गाविषयी बोलताना बघितलं. मग बॅटरी बसली. केंद्रावर नुसती झेंडूची माळ उरली.

त्या दिवशी म्हातारीचा फोन साडेबाराला आला. "जेवलंय गो. पेज आणि खारातलो आंबो. तू खंय आसस?" "खाडीर." "थंडी वाजता?" "नाय गो." फोन ठेवला तेव्हा बावन्न टक्के होते. पहिल्या दिवशी शंभराने निघालेल्या मोबाइलचे, फोनची वाट बघण्यापुरताच जागा ठेवून, काही न बघता, दुसऱ्या दुपारी बावन्न. आणखी दीड दिवस काढायचा होता.

जेवण झाल्यावर मथुरा भांडी घासायला खाडीच्या पाण्याशी बसली. मोबाइल कनवटीला होता. कोणी हात लावला नव्हता तरी तो तिच्या पोटाला गरम लागत होता. आणि तेवढ्यात टिंग वाजलं. 'तुमची बॅटरी सुरक्षित आहे.'

तिच्या हातातली राख तशीच राहिली.

बाबूचं पित्त! वांगं सोडलं, सुकट सोडली, कुळीथ सोडला, तरी गांधी उठतच होत्या. शेवटी सोडायला काही उरलंच नाही. उरली होती ती फक्त एक पुडी, पित्तावरच औषध म्हणून एका वैदूने दिलेली. ती कोण सोडणार? ते तर औषध. पण ती सोडली आणि तिसऱ्या दिवशी बाबूचं अंग चंदनासारखं गार झालं होतं.

हात धुऊन तिने पदराला पुसले. हिरव्या ढालीवर बोट दाबून धरलं. 'माहिती' असं आलं, ते दाबलं. खाली बारीक अक्षरांत 'बॅटरीचा वापर' होतं. तेही दाबलं. उजेडाचा आणि फोटोंचा वाटा तिने मोजला होता तो पाच-सात टक्क्यांचा. रक्षक एकटा एकसष्ट टक्के खात होता. दिवसभर जागा राहून, जाहिराती ओढत, बॅटरी सुरक्षित आहे का हे बघण्यासाठी बॅटरी खात होता.

तिला राग आला तो चंदनचा नव्हे. चंदनचा राग करायचा म्हणजे पावसाळ्यात बेडकाचा राग करण्यासारखं. तिला राग आला स्वतःचा. चोर शोधायचा म्हणून घरातून पहिलं कोणाला बाहेर काढलं? देवाच्या नावाला! आणि या टिंग टिंग करणाऱ्याला एकदाही विचारलं नाही, बाबा तू काय खातोस? तो रक्षक म्हणवतो, एवढंच पुरलं. भाईंच्या गाऱ्हाण्याला मनातल्या मनात हसणारी ती, तिच्यात आणि 'व्हय म्हाराजा' ओरडणाऱ्यांत फरक तो काय होता? ती हळू ओरडली, एवढाच.

तिने ढाल काढून टाकली. मोबाइलने विचारलं, 'नक्की?' "व्हय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मोबाइल सुरू केला, तेव्हा छत्तीस टक्के होते. खाडीच्या या काठाला रेंज येऊन-जाऊन असे, आणि रेंज शोधताना मोबाइल आणखी दमतो हे एव्हाना तिच्या लक्षात आलं होतं. मोठ्या खडकावर चार काड्या स्थिर दिसत, म्हणून ती तिथेच उन्हात बसली. दीड वाजता म्हातारीचा फोन आला आणि ठेवला तेव्हा अठ्ठावीस. मोबाइल पोटाला गार लागत होता.

आता हे गावाला सांगणं आलं. चांगलं कळलेलं झाकून ठेवणं तिच्या कोणत्याच व्रतात बसत नव्हतं. संध्याकाळी भाईंच्या झोपडीसमोर माणसं बसली होती, तिथे ती गेली.

"भाईनु, तो रक्षक काढून टाकूक सांगा सगळ्यांका. तोच चार्ज खाता. मी काढलंय तर माजो टिकलो."

मग चंदन हसला आणि त्याच्यामागून सगळे हसले. आधी चंदन आणि मागून सगळे, हा क्रम गावात ठरलेला होता.

"काकी, कुंपण काढल्यार शेत वाचता व्हय?"

"कुंपणच शेत खाय तर काढूचाच लागतला मां बाबा."

"मथुरा," भाई मोठेपणाने म्हणाले, "तू उपास-तापास करतस ता बरा आसा. ह्या टेक्निकल आसा. पुतण्याचो डिप्लोमा आसा तेच्यातलो."

"डिप्लोमा पुरो झालो?" बाबूने मागून विचारलं. पुरा झाला नव्हता हे सगळ्यांना माहीत होतं. भाई खोकले.

मथुरा परत फिरली. सांगायचं ते सांगून झालं होतं. तोवर निम्म्या गावाचे मोबाइल काळे पडले होते, आणि उरलेले लोक शेवटचे चार-पाच टक्के वाचावेत म्हणून भक्तिभावाने 'शुद्ध करा' दाबत होते.

चौथ्या दिवशी सकाळी वेशीवरच्या पाषाणाला कौल लावला. गाव हात जोडून उभा. फुलाची पाकळी सरकली, थांबली, आणि डाव्या बाजूला पडली.

आणखी एक दिवस.

मथुरेने नमस्कार केला. देवाने नाही म्हटलं तर नाही. पण मोबाइलचा हिशेब चुकला होता. रात्रभर मोबाइल बंद होता खरा, तरी काल कौलाच्या आशेने तिने एक हयगय केली होती. संध्याकाळी तो चालूच राहू दिला होता, आणि झोपडीत रेंज शोधत तो सहा टक्क्यांवर आला होता. सहा टक्के, आणि म्हातारीचा फोन दहाला यायचा की दोनला, देव जाणे.

ती खडकावर जाऊन बसली. मोबाइल मांडीवर पालथा. अकरा वाजले. साडेअकरा. समोरून भाई येताना दिसले, मागे चंदन, त्यांच्या मागे दहा-बारा माणसं.

"मथुरा, गावात एकच मोबायल जितो आसा, असा कळला," भाई म्हणाले. काल हसलो होतो हे ते सोयीस्कर विसरले होते. "वायच दी. बाजारात दुकानदाराक फोन करूचो आसा. उद्याचे तांदूळ नाय. टेम्पो धाडतलो."

"आणि माका फक्त एक मिंट," चंदन घाईने म्हणाला. "लोक थांबलेत गो काकी. कौल काय झालो ता सांगूचा आसा."

"सहा टक्के आसत," मथुरा म्हणाली. "आवशीचो फोन येवचो आसा."

"अगो, गावाचा काम आसा! एका म्हातारेचो फोन मोठो काय गावाची भूक मोठी?"

मागची माणसं पुटपुटली. मथुरा जन्मात कधी मानकऱ्यापुढे उंच आवाजात बोलली नव्हती, आताही बोलली नाही. लोकांना ऐकायला पुढे वाकावं लागलं.

"बाजार इथून दोन मैल. वाट आसा, तुमका पाय आसत. तांदूळ चलत जावन हाडूक येतत, भाईनु. माज्या आवशीचो आवाज चलत जावन हाडूक येणा नाय. मी फोन उचललंय नाय तर ती उद्यापासून जेवची नाय. शहाऐंशी वर्सांची आसा. तुमी जावन समजावतल्यात तिका?"

देवाशी बोलायचा मान भाईंचा होता, म्हातारीशी बोलायचा नव्हता.

"आणि चंदन," ती तितक्याच मऊपणे म्हणाली, "तुका एक मिंट व्हया तर तुज्या रक्षकाक विचार. सगळ्या गावाचो चार्ज तेच्याकडेच जमा आसा."

आज पहिल्यांदा आधी गाव हसला आणि चंदन मागे राहिला.

शेवटी बाबू उठला. "चल रे डॉक्टर," त्याने चंदनच्या खांद्यावर रिकामी पोती टाकली, "वायच चलूया." दोघे उन्हातून बाजाराच्या वाटेला लागले. बाकीची माणसं पांगली. भाईंनी जाता जाता म्हटलं, "बायल माणसां हट्टी," पण ते आपल्याच दाढीला ऐकू जाईल इतपत.

बारा. पाच टक्के. साडेबारा. एक. चार. मथुरेने विष्णुसहस्रनाम तोंडाने सुरू केलं. मोबाइलवर लावायची सवय झाल्यापासून ते आपल्याला पाठ आहे हेच ती विसरली होती. दोन-तीन ठिकाणी अडखळली, मागे गेली, पुन्हा धरलं. त्याला चार्ज लागत नव्हता. पावणेदोनला तीन टक्के झाले, पडद्यावर लाल रेघ आली आणि मोबाइल वाजला.

"जेवलंय गो," म्हातारी म्हणाली. "पेज, आणि राधाबायन बांगडो भाजून दिल्यान. गावात गेल्यात?"

"नाय गो आये. कौल डावो पडलो. आयक, माज्याकडे चार्ज संपलो. उद्या तुजो फोन लागाचो नाय कदाचित. मी उचललंय नाय म्हणान तू..."

पलीकडे खाडीचा वारा ऐकू येत होता. म्हातारी विचार करत होती. मथुरेला ते तीन टक्के डोळ्यांदेखत वितळताना दिसत होते.

"उद्या लागाचो नाय?"

"नाय कदाचित."

"मगे असा करूया," म्हातारी म्हणाली. "राधा, गो राधा! टोपात पेज उरली आसा मां? हाड हय. उद्याची आजच जेवतंय. मथुरा, जेवलंय म्हणान उद्याचा आताच आयकून ठेव. जेवलंय. आयकलंस?"

"आये, असा चलता?"

"कोणाक विचारूचा आसा? माजा वरत नि तुजा वरत. तिसरो कोण आसा मदी? तूय आता जेव, आणि उद्याचाय..."

मोबाइल काळा झाला.

मथुरा खडकावरून उठली. मग झोपडीत जाऊन तिने पान वाढून घेतलं. भात गार झाला होता. पहिला घास ती घेणार तोच दारात सावली पडली. तांदळाचं पोतं डोक्यावर घेतलेला, तोंड लालबुंद झालेला चंदन उभा होता, मागे बाबू. पोतं खाली ठेवून चंदनने आधी बाहेर कोणी बघत नाही ना ते बघितलं.

"काकी," तो अगदी हळू म्हणाला, "ता काढूचा कसा?"

"तू घातलंस मां सगळ्यांच्यात?"

"घालूक येता. काढूक येणा नाय. माज्या मोबायलातसून तर जायतच नाय."

मथुरेने त्याच्याकडे बघितलं. स्टेथोस्कोपवाला फोटो तिला आठवला आणि हसू आलं, पण घास हातात होता म्हणून तिने ते गिळलं.

"हात धू, जेव आधी," ती म्हणाली. "गावात गेल्यार सांगतंय. आणि येताना भाईंकाय घेवन ये. गाऱ्हाण्यात तेंनी सांगितलेला मां देवाक, चार्ज ओढता तेका वेशीभायर घाल म्हणान? चार दिवस झाले, देवान घातलेलो आसा. तेंका बघूक नको?"

चंदन मान खाली घालून हात धुवायला गेला. बाबू पानावर बसता बसता म्हणाला, "व्हय म्हाराजा."